डिश कुठे बसवू? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

गेली सतरा-अठरा वर्षं मी कोपरीपासून पनवेलपर्यंत डिश बसवतो आहे. फोनवर येणारे प्रश्न तेच असतात, विचारणारे तेवढे बदलतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणती डिश घेऊ?’ असा असतो आणि मी दर वेळी उलट विचारतो, ‘घरातून आग्नेयेचं आभाळ दिसतं का?’ ते दिसत असेल तर बाकी सगळं जमवता येतं. दिसत नसेल तर हजारो रुपयांची डिशही भिंतीवरचं ताट ठरते.

आग्नेयच का? आमच्या बिल्डिंगमधल्या काही डिश जरा वेगवेगळीकडे तोंड करून असतात.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला ते एका जागी खिळल्यासारखे वाटतात. ठाणं साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपल्याकडच्या सेवांचे उपग्रह आपल्या पूर्वेला आहेत. विषुववृत्त दक्षिणेला, उपग्रह पूर्वेला, म्हणून नजर आग्नेयेला.

पण बहुतेक कंपन्यांच्या जागा वेगवेगळ्या आहेत. दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ वरून येते. ठाण्यातून त्यासाठी होकायंत्रावर १३१ अंश धरायचे आणि क्षितिजापासून ५७-५८ अंश वर बघायचं. सन डायरेक्टही त्याच जागेवर. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे जवळपास तीच दिशा. डी२एचचा ८८ वर, त्यासाठी दिशा १४१ आणि उंची ६२ अंश. टाटा प्लेचा ८३ वर, म्हणून ती डिश जास्त दक्षिणेकडे झुकते. तिची दिशा १५२ आणि उंची ६५ च्या जवळ, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. एअरटेलचा १०८.२ वर. त्याची दिशा ११५ आणि उंची फक्त ४४, म्हणून ती डिश पूर्वेकडे आणि खाली बघते. वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल कुठेही राहा, या आकड्यांत अर्ध्या-एक अंशापेक्षा जास्त फरक पडत नाही.

हे आकडे नवी जोडणी घेण्यापूर्वी बघायचे असतात. बाल्कनी पूर्वेला असेल तर एअरटेल सोपं जाईल, दक्षिणेला असेल तर टाटा प्ले. कार्यक्रम कोणाचे चांगले हे घरच्यांनी ठरवावं, पण आभाळ कोणाला मिळतं हे बाल्कनी ठरवते.

घरबसल्या दिशा कशी ओळखू? मोबाइलचं होकायंत्र चालेल का?

चालेल, पण ग्रिलला टेकून बघू नका. खिडकीचं लोखंड, स्लॅबमधल्या सळ्या, फ्रिज ही सगळी सुईला भुलवतात. वीस-तीस अंशांनी चुकलेली मापं मी पाहिली आहेत. हात बाहेर काढून किंवा गच्चीच्या मध्यभागी उभं राहून बघा. मुंबई परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे आकड्यात भर-वजाबाकी करायची गरज नाही.

वास्तुशास्त्र मानणाऱ्या घरांत आणखी सोपं असतं. स्वयंपाकघर आग्नेयेला केलेलं असतं, तेव्हा ओट्याची खिडकी उघडा. हे अर्ध्या गमतीने सांगतो, पण दोन वेळा खरंच उपयोगी पडलं आहे.

सगळ्यात भरवशाची खूण मात्र सूर्य. वर्षातून दोनदा, १२-१३ मार्चच्या आसपास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य बरोबर उपग्रहांच्या मागून जातो. त्या दिवसांत फ्री डिश आणि डिश टीव्हीसाठी सकाळी अकराच्या आगेमागे, एअरटेलसाठी दहाच्या सुमारास आणि टाटा प्लेसाठी बाराला थोडं आधी-नंतर ऊन कुठे पडतं ते बघा. ज्या कोपऱ्यात तेव्हा ऊन आहे तिथे डिश चालणार, सावली आहे तिथे नाही. खडूने खूण करून ठेवा. यापेक्षा अचूक आणि फुकटचं मापन नाही.

मार्चमध्ये भर दुपारच्या आधी रोज काही मिनिटं चित्र जातं. डिश खराब झाली का?

नाही. वर सांगितलेलाच प्रकार आहे. सूर्य उपग्रहाच्या मागे आला की त्याच्या स्वतःच्या लहरी डिशमध्ये शिरतात आणि उपग्रहाचा क्षीण आवाज त्यात बुडतो. काही दिवस, रोज काही मिनिटं. कोणाला बोलावू नका, पैसे जातील. एक मात्र सांगतो. डिशला चकचकीत ऑइलपेंट लावला असेल तर याच दिवसांत आरशासारखं ऊन एलएनबीवर, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर, एकवटतं आणि त्याचं प्लॅस्टिक वितळू शकतं. मूळ रंग मुद्दाम खरखरीत असतो. रंगवायचीच असेल तर चमक नसलेला पातळ हात द्या.

समोर नवा टॉवर उभा राहतोय. आमचा सिग्नल जाणार का?

घोडबंदर रोडला आणि आता जुन्या नौपाड्यातसुद्धा हा प्रश्न रोजचा झालाय. हिशेब साधा आहे. टॉवर तुमच्या डिशच्या आग्नेयेलाच असेल तरच काळजी. फ्री डिशची नजर इतकी उंच असते, की टॉवर २० मीटर लांब असेल तर तो तुमच्या डिशपेक्षा ३१ मीटर, म्हणजे सुमारे दहा मजले उंच झाल्यावरच आड येईल. एअरटेलची नजर खाली असल्यामुळे त्याच अंतरावर २० मीटर उंचीही पुरते. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला हे लवकर लागतं, गच्चीवरच्याला बहुधा कधीच नाही.

आणि हो, पारसिकचा डोंगर किंवा येऊरचा डोंगर यांचा डिशला काही त्रास नाही. ते क्षितिजाजवळच संपतात.

झाड?

झाड टॉवरपेक्षा वाईट, कारण ते वाढतं. मे महिन्यात बसवलेली डिश श्रावणात बंद पडते, कारण पावसात गुलमोहराला पालवी फुटते आणि ओलं पान सिग्नल पिऊन टाकतं. नवी मुंबईत सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांवर ही तक्रार फार. फांदी स्वतः तोडू नका. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे छाटणीलाही महापालिकेची परवानगी लागते. डिश चार फूट सरकवणं बरं.

बाल्कनीच्या वर वरच्या मजल्याची बाल्कनी आहे. मग?

मग डिश कठड्याच्या आतल्या कोपऱ्यात नव्हे, बाहेरच्या कडेजवळ हवी. नजर ५७ अंश वर असल्यामुळे वरचा स्लॅब डिशच्या माथ्यापेक्षा दोन फूट वर असेल, तर डिश स्लॅबच्या कडेपासून जास्तीत जास्त सव्वा फूट आत चालते. टाटा प्लेला याहून कमी जागा मिळते, एअरटेलला दोन फुटांपर्यंत. म्हणून दोन फूट खाली, कठड्याच्या आतल्या बाजूला, बुटक्या पाइपवर बसवलेली डिश उंच बसवलेलीपेक्षा चांगली चालते. लोकांना वाटतं उंच तितकं चांगलं. ते जुन्या काड्यांच्या अँटेनाचं गणित, डिशचं नाही.

पावसाळ्यात बाल्कनीला लावलेली ताडपत्री, तिचं काय, असं विचारायचं बरेच जण विसरतात. कोरड्या पातळ प्लॅस्टिकमधून सिग्नल बऱ्यापैकी येतो, पण त्यावर पाणी साचलं की संपलं. कबुतरांची नायलॉन जाळी चालते, लोखंडी बारीक जाळी चालत नाही. काचेआडून डिश लावायचा प्रयत्न करू नका. टॉवरच्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा थर असतो, तो सिग्नलही अडवतो.

ग्रिलला बांधली तर?

खिडकीच्या बाहेर काढलेल्या पिंजरा-ग्रिलला डिश बांधलेली मला अजिबात आवडत नाही. ग्रिल हलतं. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत साधारण तीन अंश रुंद असतो. त्यात कडेला अर्धा सेंटिमीटर हललं की एक अंश गेला. कोणी ग्रिलवर वाळत घातलेली चादर ओढली तरी चित्र फुटतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खाली माणसं चालतात. बाहेरच्या बाजूला लटकणारी डिश गंजून सुटली, तर ती सहाव्या मजल्यावरून खालच्या रिक्षा स्टँडवर पडते. ग्रिलच हवं असेल तर आतल्या बाजूने, दोन यू-क्लॅम्प घालून, शिवाय एक स्टीलची दोरी वेगळी बांधून.

गच्चीवर बसवायला सोसायटीची परवानगी लागते का?

लागते. गच्ची सगळ्यांची सामाईक. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची नसते, हे वरच्या मजल्यावरच्यांना सांगायला कठीण जातं. समितीला साधं पत्र द्या. कुठे बसवणार, वायर कुठून उतरणार, जमिनीला भोक पाडणार नाही, दुरुस्तीच्या वेळी काढून देईन, एवढं लिहा. लेखी होकार घ्या आणि जपून ठेवा. समिती दर काही वर्षांनी बदलते आणि नव्या सेक्रेटरीला जुन्या सेक्रेटरीचं तोंडी बोलणं आठवत नाही. भाड्याने राहत असाल तर घरमालकाचं पत्रही जोडा. सिडकोच्या जुन्या वसाहतीत किंवा रो-हाउसला राहत असाल, तरी छप्पर कोणाचं हे आधी विचारा. एकाच छपराखाली दोन घरं असतात.

महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत नाव असलेल्या बिल्डिंगवर मी डिश बसवत नाही. तिथे आणखी एक भोक पाडण्याची हिंमत करू नये.

गच्चीवर भोक पाडायचं नाही म्हणता, मग डिश उभी कशी राहील?

हा प्रश्न माझ्या आवडीचा, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. आपल्याकडच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्यावर सिमेंट नाहीतर चिनी मोझेक. ते पाण्याचं कवच आहे. त्यात चार फास्टनर ठोकले की चार नळ झाले. ठाण्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातलं थोडं पाणी तरी त्या भोकातून खालच्या फ्लॅटच्या छताला ओल देणारच. मी शिकाऊ असताना, म्हणजे सुरुवातीच्या वर्षी, असंच केलं होतं. जुलैत खालच्या काकूंनी मला वर बोलावून त्यांच्या देवघरावरचा डाग दाखवला. तो डाग आणि त्यांचं न ओरडता बघणं, दोन्ही अजून आठवतं. तेव्हापासून गच्चीच्या जमिनीला ड्रिल लावलेलं नाही.

त्याऐवजी दोन फूट बाय दोन फूट, सहा इंच जाडीचा सिमेंटचा ठोकळा घालायचा, त्यात दीड इंची जीआय, म्हणजे गॅल्वनाइज केलेला लोखंडी, पाइप ओतून ठेवायचा आणि ठोकळा रबरच्या किंवा जाड ज्यूटच्या पोत्यावर बसवायचा. असा ठोकळा दीडशे किलोच्या आसपास भरतो. वाऱ्याचा हिशेब केलात तर ताशी १०० किलोमीटर वाऱ्यात ६० सेंटिमीटरच्या डिशवर पंधरा-वीस किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. बुटक्या पाइपवर एवढं वजन पुरतं, लांब पाइपवर नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. दुसऱ्या दिवशी मला ज्या डिश उचलायला बोलावलं, त्या जवळजवळ सगळ्या उंच पाइपांवरच्या होत्या.

दुसरा पर्याय म्हणजे कठड्याची आतली उभी बाजू किंवा जिन्याच्या खोलीची भिंत. उभ्या भिंतीला भोक पाडलं तर निदान पाणी त्यात साचत नाही. पाण्याच्या टाकीला मात्र हात लावू नका.

आमच्या गच्चीवर गळती थांबवायला पत्र्याची शेड केलीय. आता?

पत्र्याखाली डिश शून्य. शेडच्या आग्नेय कडेला, कठडा आणि पत्रा यांच्या मधल्या फटीतून वरचं आभाळ मिळतं का बघा. नाहीतर शेडच्या खांबाला बाहेरून क्लॅम्प मारून डिश पत्र्याच्या वर नेता येते. पत्र्यालाच स्क्रू मारून बसवली तर दोन गोष्टी होतात. शेड गळते आणि वाऱ्यात पत्रा थरथरला की चित्रही थरथरतं.

भिंतीला कोणते फास्टनर वापरू?

भिंत कशाची आहे त्यावर. जुन्या बिल्डिंगमध्ये नऊ इंची वीट किंवा काँक्रीटची तुळई असते, तिथे दहा मिलिमीटरचे अँकर फास्टनर घट्ट बसतात. प्लास्टर नव्हे, आतली वीट पकडली पाहिजे. ड्रिलमधून लाल भुकटी आली की समजायचं वीट आली. नव्या टॉवरमध्ये बाहेरची भिंत हलक्या सिपोरेक्स ब्लॉकची असते. त्यात साधा फास्टनर आज घट्ट वाटतो आणि दोन पावसाळ्यांत सैल होतो. तिथे एकतर काँक्रीटचा कॉलम शोधा, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी पट्टी लावा. छज्जावर, म्हणजे खिडकीवरच्या पातळ पाखावर, कधीच नको. ते पाख आधीच स्वतःचं ओझं सांभाळत असतं.

पाइप सरळ आहे हे डोळ्याने बघितलं, चालेल ना?

नाही. गवंड्याचा ओळंबा लावा. डिशच्या मागे उंचीचे अंश कोरलेले असतात, ते पाइप ओळंब्यात आहे असं धरूनच. पाइप तिरका असेल तर डिश डावी-उजवी फिरवताना उंचीही बदलत जाते आणि तासभर घाम गाळूनही सिग्नल सापडत नाही. आणखी एक : डिशचा चेहरा बघून ती कुठे बघते हे ओळखता येत नाही. आपल्या छोट्या डिश तिरक्या ताटासारख्या बनवलेल्या असतात, म्हणून ५७ अंशांवर बघणारी डिशही त्यापेक्षा बरीच उभी दिसते. मागच्या आकड्यावर भरवसा ठेवा.

सिग्नल पकडायची पद्धत सांगा.

आधी मागच्या पट्टीवर उंची लावून थोडं कसा. मग डिश अंदाजे दिशेच्या पूर्वेला नेऊन ठेवा आणि तिथून दक्षिणेकडे बोटभर सरकवत या. प्रत्येक बोटानंतर चार-पाच सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. घाईत फिरवणारा उपग्रहाच्या वरून दहा वेळा जातो आणि म्हणतो सिग्नलच नाही.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि दर्जा. ताकद बघून खूश होऊ नका. नुसती वायर लागली तरी ती वर येते. दर्जाची पट्टी हलली पाहिजे. ९३.५ आणि ९५ या दोन जागा इतक्या शेजारी आहेत, की फ्री डिश शोधताना डिश टीव्हीच्या उपग्रहावर अडकणं सहज होतं. ताकद भरपूर, दर्जा शून्य किंवा चॅनल येत नाहीत, असं झालं तर डिश केसभर दक्षिणेकडे न्या आणि किंचित वर उचला.

दर्जा सर्वांत वर गेला की मागचे बोल्ट आळीपाळीने कसा, एकच पूर्ण कसला की डिश खेचली जाते. शेवटी एलएनबी आपल्या खोबणीत हळूच फिरवून बघा. तो बहुधा तिरका बसतो, सरळ नाही. त्या दोन-चार अंशांनी जो दर्जा वाढतो, तोच पावसाळ्यात उपयोगी पडतो. खाली कोणी टीव्हीसमोर बसून ओरडून सांगण्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून पडदा दाखवा, शेजाऱ्यांचे आशीर्वाद मिळतील.

पावसात चित्र जातंच. त्याला काही इलाज?

पूर्ण इलाज नाही. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि जोरदार पावसाचे थेंब त्या शोषतात, उधळतात. गंमत अशी की पाऊस तुमच्या डोक्यावर असायची गरज नाही. पावसाळ्यात थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतात. ५७ अंशांच्या तिरक्या वाटेने सिग्नल त्या उंचीला पोचतो तेव्हा तो तुमच्यापासून तीनेक किलोमीटर आग्नेयेला असतो. म्हणून नौपाड्यात कोरडं असतानाही कळवा-पारसिककडे सर धरली की टीव्ही जातो. वाशीवाल्यांनी सानपाडा-जुईनगरच्या आभाळाकडे बघावं. काही वेळाने तीच सर तुमच्याकडे आली तर कपडे आत घेतलेले बरे!

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, मे महिन्यात दर्जा पुन्हा तपासून डिश अचूक करून ठेवणं, म्हणजे पावसाला खायला शिल्लक राहते. दोन, रिमझिमीतही चित्र जात असेल तर वायरीत पाणी शिरलं आहे असं समजणं. तो पावसाचा दोष नाही. पावसात गच्चीवर चढून डिश हलवू नका. पाऊस थांबल्यावर सिग्नल आपोआप येतो, हलवलेली डिश येत नाही.

वायर कशी आणि किती?

आरजी-६ केबल. वीस-पंचवीस मीटरपर्यंत काळजी नाही. मध्ये जोड नको. एलएनबीला वीज याच वायरीतून जाते, १३ किंवा १८ व्होल्ट, म्हणून ओल शिरलेला जोड नुसता सिग्नल खात नाही, तांबं सडवतो. एलएनबीच्या तोंडाशी कनेक्टर घट्ट करून त्यावर ताणून स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळा. साधी काळी वीजपट्टी उन्हात चिकट होऊन सुटते.

घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या. पाणी वायरीवरून ओघळत येतं आणि झोलाच्या तळाशी टपकून जातं. झोल नसेल तर ते पाणी सरळ भोकातून तुमच्या टीव्ही युनिटच्या मागे. भोक पाडतानाही ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि सिलिकॉनने बुजवा. डक्टमधून वायर उतरवायची असेल तर विजेच्या केबलपासून लांब.

खाडीजवळ राहतो. दोन वर्षांत सगळं गंजलं.

ऐरोली, वाशी, बेलापूर, कोपरीच्या खाडीकडच्या बिल्डिंगांत हे होणारच. वारा मीठ घेऊन येतो. पेटीत येणारे रंगवलेले नट-बोल्ट फेकून द्या आणि स्टेनलेस स्टीलचे घ्या, खर्च शे-दोनशेचा. पाइप गॅल्वनाइज केलेला हवा आणि त्याचं वरचं तोंड झाकणाने बंद. उघड्या पाइपात पाणी भरतं आणि तो आतून कुजतो, बाहेरून रंग छान दिसत राहतो. दरवर्षी पावसाळ्याआधी बोल्टांना ग्रीस लावा.

विजेचा धोका किती?

बाल्कनीतल्या डिशला जवळजवळ नाही. गच्चीवरच्या डिशला आहे, विशेषतः ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. बिल्डिंगवर वीजरोधक असेल तर डिश त्याच्या टोकापेक्षा बरीच खाली आणि त्याच्या पट्टीपासून दूर ठेवा. पाइपाला अर्थिंग द्यायचं तर इलेक्ट्रिशियनकडून बिल्डिंगच्या अर्थिंगला जोडून घ्या, गॅसच्या किंवा पाण्याच्या नळाला नाही. गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग आणि मागची डिशची वायर दोन्ही काढा. फक्त बटण बंद करून उपयोग नाही.

चाळीत किंवा बैठ्या घरात राहणाऱ्यांसाठी याहून मोठा धोका म्हणजे घरावरून जाणाऱ्या विजेच्या तारा. कळवा-दिव्याकडे अशी घरं आहेत. लोखंडी पाइप उभा करताना तो निसटून पडला तर तारेपर्यंत पोचेल का, एवढंच बघा. पोचत असेल तर तिथे पाइप उभा करू नका.

आजोबांच्या वेळचा काड्यांचा अँटेना अजून गच्चीवर आहे. त्यावर काही लागतं का?

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मग ठाण्याच्या गच्च्यांवर हे माशाच्या काट्यासारखे अँटेना उगवले. सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला, वरळीच्या ३०० मीटर उंच मनोऱ्याकडे. वाशीतून तोच मनोरा पश्चिमेकडे किंचित दक्षिणेला. कावळा बसला की कोणीतरी वर जाऊन फिरवायचा आणि खालून ‘आलं, आलं, गेलं’ असा गजर व्हायचा. ते जुनं ॲनालॉग प्रक्षेपण आता बंद झालं आहे.

दूरदर्शनने २०१६ मध्ये ज्या शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यांत मुंबई होती. त्यासाठी टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनर लागतो. टीव्हीच्या पुस्तिकेत ते नाव असेल तर जुना अँटेना जोडून आपोआप शोध लावून बघा, फुकटचा प्रयोग आहे. नवा अँटेना मात्र त्या प्रयोगाआधी विकत घेऊ नका. फुकट सह्याद्री बघायची असेल तर फ्री डिश हा सरळ मार्ग.

दोन टीव्हींना दोन डिश हव्यात का?

नको. दोन तोंडांचा एलएनबी लावा, दोन वायरी दोन बॉक्सना. साधा दुभाजक लावून दोन बॉक्स चालवले तर एक बॉक्स १३ व्होल्ट मागतो, दुसरा १८, आणि दोघांचे निम्मे चॅनल गायब होतात. पूर्ण बिल्डिंगसाठी गच्चीवर एक सामाईक डिश आणि तिथून प्रत्येक घरात वायर अशी सोय करता येते. चाळीस फ्लॅट, चाळीस डिश हे दृश्य ज्या सोसायटीला बघवत नाही, तिने पुढच्या सभेत हा विषय घ्यावा.

माकडं.

येऊरच्या पायथ्याशी आणि घोडबंदरच्या काही संकुलांत वानरं डिशवर बसतात, हे खरं. डिश त्यांना खुर्चीसारखी वाटते. वरच्या कडेला काटेरी पट्टी लावून पाहिली, त्यांनी ती काढून टाकली. बुटका पाइप, जाड क्लॅम्प आणि सहनशीलता, एवढंच सुचवतो.

मी स्वतः बसवू शकतो का?

बाल्कनीच्या आत, खाली पडायचा प्रश्न नसेल तिथे जरूर. एक दुपार जाईल, हात शिकतील. कठड्याच्या बाहेर वाकायचं असेल, शिडीवर उभं राहून दोन्ही हात वापरायचे असतील किंवा उतरत्या पत्र्यावर चढायचं असेल, तर नाही. एक बाई फोनवर म्हणाल्या, ‘दादा, आमचे हे चढतात नेहमी.’ मी म्हटलं, ‘वहिनी, आज नका चढू देऊ, मी येतो.’ कमरेला पट्टा आणि तो पट्टा कशाला तरी बांधलेला, हे माझ्याकडून येणाऱ्या मुलांनाही सक्तीचं आहे. तुमच्याकडे कोणी बिनापट्ट्याचा आला तर त्याला बाहेर वाकू देऊ नका, भले दोन दिवस टीव्ही बंद राहो.

घर बदलतोय. जुनी डिश तिथेच सोडू?

घेऊन जा, किंवा निदान उतरवा. गच्च्यांवर मालक नसलेल्या कितीतरी डिश गंजत उभ्या आहेत आणि वादळात पहिल्या त्याच उडतात. डिश काढली की फास्टनर आत ठोकून टाका, भोकात सिलिकॉन भरा आणि वरून पांढरं सिमेंट लावा. वायरही भिंतीपर्यंत मागे ओढून घ्या. नवीन घरी तीच डिश आणि तोच एलएनबी चालतो, पण बोल्ट नवे घ्या.